भगीरथची तिथी

शहापूर, सापगाव रस्ता
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

चि. कमळ,
आशीर्वाद.

भगीरथची तिथी चुकलेली आहे. दर पितृपक्षात तुम्ही त्याचं पान तृतीयेला वाढता. ते षष्ठीला वाढायला हवं. चूक माझी आहे, गावाची नाही आणि तुझी तर नाहीच. पक्ष पंधरा दिवसांवर आला. स्वरूपने गावात तृतीयेचं आमंत्रण देण्याआधी हे तुझ्या हाती पडावं, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगण्यासारखं हे नाही, आणि माझा फोन तू घेत नाहीस.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. स्वरूपकडून वाचून घेऊ नको, तू स्वतः वाच. चौथीपर्यंत शिकलीस, तेवढं पुरेल. अडलं तर थांब आणि पुन्हा वाच.

माझं बरं आहे. उजवा गुडघा धरतो, पण कामं होतात. परवा गणपती, कॉलनीत आतापासूनच कर्णे लागले आहेत. यंदा भात चांगलं धरलं आहे असं गावचा हरेश सांगत होता. तो मंगळवारी बाजाराला येतो तेव्हा दारावरून हाक मारून जातो. तू त्याच्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. त्याबद्दलही मला लिहायचं आहे, पण ते त्याच्या जागी.

आता मुद्दा. घडलं ते क्रमाने लिहिते. तुला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

२००६ सालचा ऑक्टोबर. सोमवारी सकाळी मी मुरबाडहून गावी आले होते. स्वरूपला माझ्याकडे शिकायला पाठवा, हे सांगायला. भगीरथ म्हणाला, ‘पोर माझा हाय, आनि शाळा हितं बी हाय.’ मी म्हटलं, शाळा आहे, मास्तर कुठे आहे? शब्दाला शब्द लागला. मी त्याची थोरली बहीण, आणि सत्तावीस वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई, मला गप्प बसण्याची सवय नव्हती. संध्याकाळी तो कोयता घेऊन, खांद्यावर टॉवेल टाकून निघाला. परत आला नाही. याआधी दोनदा तो असाच रागाने कसाऱ्याला जाऊन गाडीत बसला होता, आणि चार दिवस नाशकात काढून हसत घरी आला होता. म्हणून मंगळवारी कोणी फार मनावर घेतलं नाही. मी गावातच थांबले होते.

शनिवारी सकाळी गुरांमागे गेलेल्यांना तो भोकराच्या ओहोळात, कड्याखाली दिसला.

त्याच्या अंगावर भुंगेरे होते. चिंचोक्याएवढे, चपटे, काळे, मानेच्या जागी विटकरी पट्टा असलेले. तिथे जमलेल्या तीस-चाळीस माणसांत ते कोण आहेत हे मला एकटीला ठाऊक होतं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला त्यांच्यावर एक प्रकरण होतं. मेलेल्या जनावरावर कोणता किडा कितव्या दिवशी येतो त्याचा तक्ता होता. आधी माशा, मग त्यांच्या अळ्या, आणि हे भुंगेरे पाचव्या दिवसाच्या सुमारास. तो तक्ता मला पाठ होता. मला पहिला वर्ग मिळाला होता, कमळ.

हवालदाराने विचारलं, कधी गेला असेल? मी म्हटलं, पाच दिवस झाले. सोमवारी पडला आणि सोमवारीच गेला. डॉक्टरांनी कागदावर ‘दोन ते पाच दिवस’ असं लिहिलं. गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं होतं की दिवस ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला पान वाढावं, तशी रीत आहे. मी म्हटलं, ठाऊक कसा नाही? सोमवार. तृतीया धरा. माझ्यापुढे कोण बोलणार होतं.

हे बोलणं घरी परतल्यावर चाललं होतं, तू ओटीवर भिंतीला टेकून बसली होतीस. तू म्हणालीस, ‘वन्सं, बुधवारी दिवं लागायच्या टायमाला मी त्यांची कूक आयकली.’

रानात गेलेला प्रत्येक जण आपली कूक, आपली लांबून द्यायची हाक, वेगळी घालतो. भगीरथची दोन आखूड आणि एक लांब होती, आणि ती मी त्याच्या लहानपणापासून ऐकत होते. तुला मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मेलेला माणूस कूक घालत नाही. तुला भास झाला.’

हे मी चाळीस माणसांसमोर म्हटलं. पुढे काय झालं ते मला हरेशने थोडंथोडं सांगितलं आहे. पाणवठ्यावर बाया तुला ‘काय गो, आज काय आयकलंस?’ म्हणून विचारायच्या. तू कोणाच्या भात-लावणीचा दिवस सुचवलास तरी लोक एकमेकांकडे बघून हसायचे. स्वरूपच्या लग्नाची बोलणी एकदा मोडली, तेव्हाही मुलीकडच्यांच्या कानावर हेच गेलं होतं, की आईला भास होतात. हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं, आणि ते वाक्य चुकीचं होतं.

ते चुकीचं होतं हे मला कसं कळलं, तेही लिहिते. तू विचारशील म्हणून नाही. मला पुरावा दिल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून.

२०२३ च्या ऑक्टोबरात माझ्या परसात पाण्याच्या टाकीमागे एक घूस मेली. माझ्याकडे भांड्यांना भिमी येते. ती घुशीला शेपटीला धरून टाकायला निघाली. म्हटलं, ठेव ती.

‘बाई, मेलीय ती.’

‘दिसतंय मला. ठेव.’

घुशीच्या पोटाखालून एक भुंगेरा बाहेर आला आणि उजेड लागताच परत आत शिरला. मानेवर विटकरी पट्टा. आदल्या दिवशी दुपारी हीच घूस शेवग्याच्या बुंध्याशी माती उकरत होती, मी तिला झाडू फेकून मारला होता. मी घड्याळ पाहिलं. तिला जिवंत पाहिल्याला सव्वीस तास झाले होते. माझ्या तक्त्याप्रमाणे या भुंगेऱ्याने आणखी चार दिवस तरी यायचं नव्हतं.

एका घुशीवरून काही ठरत नाही. म्हणून मी वही घातली. बाजारातल्या धान्याच्या दुकानदाराला सांगून ठेवलं, पिंजऱ्यात उंदीर मेला की टाकू नका, मला कळवा. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण कळवायचा. उंदीर मातीवर ठेवायचा, वर कोंबड्यांची तारेची टोपली पालथी घालायची, तिच्यावर दोन विटा, म्हणजे मांजर-कुत्रं लागत नाही. एक जागा शेवग्याखाली सावलीत, एक भिंतीशी उन्हात. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता बघायचं. थर्मामीटर टांगला. दोन ऑक्टोबरांत मिळून सहा उंदीर आणि दोन घुशी झाल्या. पहिला भुंगेरा लवकरात लवकर बावीस तासांनी आला, उशिरात उशिरा एकेचाळीस तासांनी. एकदाही तिसरा दिवस उजाडला नाही.

भुंगेरे दिवसा येतात, वाऱ्याच्या उलट्या अंगाने. उडताना जड वाटतात. येऊन बसत नाहीत, खाली पडतात, टोपलीच्या तारेवर टक् असा आवाज होतो. मग पाय झाडतात आणि आत जातात. काडीने हलवलं तर मागून घाण पाणी सोडतात, त्याचा वास साबणाने जात नाही. मांसापेक्षा त्यांचं लक्ष माशांच्या अळ्यांवर जास्त असतं. तिसऱ्या दिवसापासून त्यांची स्वतःची पिल्लं दिसू लागतात, काळी आणि खवलेदार. वाईट काहीच करत नाहीत. परसातली सगळ्यांत टापटिपीची मंडळी तीच.

घूस म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून गेल्या ऑक्टोबरात भिमीच्या वाडीवर एक मोठं करडू आजाराने मेलं ते मी आणवलं. भिमी म्हणाली, ‘बाई, वाडीवर इचारतायत, तुमी करनी करताव का काय.’ म्हटलं, सांग, अभ्यास करते. ‘ह्या वयात?’ असं म्हणून तिने तोंडाला पदर लावला आणि करडू टोपलीखाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी शेजारची रुपाली भिंतीवरून डोकावली. तिचा नवरा कल्याणला बँकेत आहे, घर झकपक ठेवते.

‘मॅडम, तुमच्या मागे काहीतरी मेलंय हो!’

‘हो. मी ठेवलंय.’

‘ठेवलंय? अहो, आमच्याकडे पाहुणे जेवायला आहेत!’

‘पुढच्या दाराने आणा. वारा पश्चिमेचा आहे, पुढे वास येत नाही.’

कॉलनीची नोटीस आली. मी उत्तर दिलं, की सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुरण्यात येईल, आणि त्याप्रमाणे पुरलं.

करडाने मला उरलेलं सांगितलं. तिसऱ्या दिवशीच करडाचं तोंड करडाचं राहिलं नव्हतं आणि काळी पिल्लं दिसू लागली होती, पाचव्या दिवशी ती अंगभर होती. भगीरथचं तोंड शनिवारी आपण सगळ्यांनी ओळखलं. कपाळावरचा लहानपणचा व्रण दिसत होता. त्याच्या अंगावर मोठे भुंगेरे होते, पिल्लू एकही नव्हतं. मी नीट पाहिलं होतं, मला आठवतं, कारण तेव्हा मी माझ्या हुशारीवर खूश होते. सोमवार असता तर पिल्लं असती आणि तोंड नसतं. मंगळवार-बुधवारचंही तेच. शुक्रवार म्हणावा तर इतके भुंगेरे जमायला वेळ नव्हता.

तो गुरुवारी गेला. गुरुवारी षष्ठी होती. पंचांग मी दोनदा तपासलं.

तो तक्ता खोटा नव्हता. तो थंड देशातला होता. ज्यांनी केला त्यांच्याकडे त्या महिन्यात सकाळी गवतावर बर्फ असतं, तिथे भुंगेऱ्याला पाच दिवस लागत असतील. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी पत्रा हाताला लागू देत नाही. तक्ता कुठल्या देशात केला हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. परीक्षेत पहिल्या पानावर प्रश्न येत नाही, म्हणून मी ते वाचलं नव्हतं.

तर बुधवारी दिवेलागणीला भगीरथ जिवंत होता. तू ऐकलीस ती कूक त्याचीच होती.

इथे हे पत्र संपवता आलं असतं. काल मी ते इथेच संपवून पाकिटात घातलं होतं. आज सकाळी पाकीट फोडलं.

बुधवारी तू कूक ऐकलीस आणि हरेशच्या घरी धावत गेलीस. तुला वाटतं, हरेशने ऐकून सोडून दिलं. म्हणून एकोणीस वर्षं तू त्याच्या दारासमोरून मान वळवून जातेस. कमळ, हरेशने ऐकलं होतं. त्याने सात जण गोळा केले, स्वतः आठवा. बॅटऱ्या घेतल्या, दोरखंड घेतला आणि ते ओहोळाकडे निघाले. विहिरीपाशी त्यांना मी भेटले. मी विचारलं, कुठे? त्याने सांगितलं. मी म्हटलं, ‘ती घुबडं असतील. कमळ दोन दिवस जेवलेली नाही, तिला काहीही ऐकू येईल. तो कसाऱ्याला गेलाय, तुम्ही तिकडे जा, स्टेशनवर विचारा.’ हरेश म्हणाला, ‘अक्का, एकदा बघून तर येतो, अर्ध्या तासाचा काम हाय.’ मी म्हटलं, तुझी अक्का खोटं सांगते का? ते आठही जण माझ्या शब्दावर कसाऱ्याच्या वाटेला वळले.

नंतर मी हरेशला म्हटलं, हे कमळला सांगू नको, तिला उगाच लागेल. तो गप्प राहिला. तुझा अबोला त्याने एकोणीस वर्षं माझ्या वाटचा सोसला.

आणखी एक आहे. ते हरेशलाही ठाऊक नाही.

शनिवारी सगळ्यांच्या आधी ओहोळात मी उतरले. पोलीस यायचे होते, तुला बायांनी वर धरून ठेवलं होतं. भगीरथचा डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला होता. त्याने कोयत्याने दोन काठ्या तोडून पायाच्या दोन्ही अंगांना लावल्या होत्या आणि खांद्यावरच्या टॉवेलने आवळून बांधल्या होत्या. गाठ पक्की होती. काठ्या सरळ होत्या, साल काढलेल्या. मी ती गाठ सोडली. काठ्या ओहोळात टाकल्या आणि टॉवेल माझ्या पिशवीत घातला. पंचनाम्यात तो नाही.

तुला बघवणार नाही म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. ज्याने काठ्यांची साल काढली तो पडल्यापडल्या गेलेला नाही, हे कळायला कॉलेज लागत नाही. आणि तो बुधवारी जिवंत असेल, तर विहिरीपाशी मी काय केलं, हा प्रश्न येत होता. मला सोमवार हवा होता. तक्त्याने तो मला दिला. मी घेतला.

टॉवेल माझ्याकडे आहे.

हे पत्र हवं त्याला दाखव. हरेशला दाखवावंस असं मला वाटतं. षष्ठी शुक्रवारी, १२ सप्टेंबरला येते. मी यावं की नाही ते तू ठरव. उत्तर आलं नाही तर येणार नाही, आणि पुन्हा लिहिणार नाही.

चंद्रकला


३ सप्टेंबर

ती. आत्यास,
स्वरूपचा सा. नमस्कार.

आई सांगते तसं लिहितो आहे. शब्द तिचेच ठेवले आहेत. सुधारायचे नाहीत असं तिने बजावलं आहे.

वन्सं,

पत्र मी सोता वाचला. दोन दिस लागलं. मंग स्वरूपला दिला.

तुमी लिवलाव ता बराबर हाय. पन मना ता नवा नाय. मना ठाव व्हता ते जिते हायत. बुधवारी कूक दोनदा आली. गुरवारी सकाली भांडी घासत व्हते तवा परत एकदा आली, बारीक, लांब आवाज निगलाच नाय. मंग कदीच नाय आली. तवाच मी समजले. गुरवारची कूक मी कोनाला बोलले नाय. बुधवारची बोलून काय झाला ता बघितला व्हता.

तृतीयेचा पान गाव वाढतो, ता गावासाटी. मी अठरा वरसां षष्ठीला सकाली एकटी भोकराच्या ओव्हळात जाते. नाचणीची भाकर, सुकटीची चटनी आनि वालाची भाजी नेते. लोकांना वाटतो मी लाकडांना जाते.

तुमी दोन वरसां उंदरांवर टोपल्या घातल्याव. किड्यांना इचारलाव. मना एक दिस येऊन नाय इचारलाव. शहापूर काय लंकेला हाय? मी तुमाला दिस सांगितला असता, येल पन सांगितली असती.

हरेश भावजींचा मात्र मना ठाव नव्हता. पत्र वाचला तशी उठले आनि त्यांच्या दारात गेले. ते पडवीत टोपली इनत व्हते. मी बोलले, विहिरीपावत आला व्हता ता बोलला का नाय? ते बोलले, अक्काला शब्द दिला व्हता. मी बोलले, अक्काच्या शब्दानं माझा मानूस गेला, आता तरी मोडा. मंग ते रडलं. मी नाय. त्यांच्या सुनेनं च्या दिला तो पिऊन आले. एकोनीस वरसांनी त्या घरचा च्या प्याले, जास्त साखर घालते ती.

तुमी या. षष्ठीला या. घरी नको, ओव्हळात या. हरेश भावजींनी त्या येलचे मानसांना बोलावलाय. त्यांच्याम्होरं बोला. बोलाल ता लिवून पन द्या, सही करून. मी मेल्यावर माझ्या नातवांना कोनी बोलाया नको का तुमची आजी येडी व्हती.

टावेल आना. मी घेतला व्हता तो, खर्डीच्या बाजारात.

माफीचा तुमी लिवला नाय ता बरा केलाव. मना ती द्यायला जमायची नाय, आनि तुमाला मागायला पन जमायची नाय.

कमळ

आत्या, उंबरमाळीला उतरलीस तर मी बाइक घेऊन येतो. गाडी कितीची पकडणार ते कळव. ओहोळात उतरताना पायवाट निसरडी आहे, चपला घालून येऊ नको.

स्वरूप


भोकराचा ओहोळ
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५, भाद्रपद वद्य षष्ठी

श्रीमती कमळ भगीरथ हिस,

तू मागितल्याप्रमाणे लिहून देते.

माझा भाऊ भगीरथ हा ९ ऑक्टोबर २००६ रोजी, सोमवारी मेला, असं मी पोलिसांना आणि गावाला सांगितलं. ते चूक होतं. तो गुरुवारी, १२ ऑक्टोबरला गेला. बुधवारी संध्याकाळी त्याने घातलेली कूक त्याच्या बायकोने ऐकली आणि वेळेवर सांगितली. तिला भास झाला असं मी म्हटलं, ते खोटं होतं. तिचं ऐकून ओहोळाकडे निघालेल्या आठ माणसांना मी विहिरीपासून कसाऱ्याकडे वळवलं. त्यात त्यांचा दोष नाही, हरेशचा तर मुळीच नाही. एकदा बघून येतो, असं तो म्हणाला होता. शनिवारी पोलीस येण्याआधी मयताच्या पायाला बांधलेला टॉवेल मी सोडून घेतला आणि आजपर्यंत लपवून ठेवला. हे मी शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय लिहिलं आहे.

वरील मजकूर मी आज सकाळी साडेदहा वाजता उभी राहून मोठ्याने वाचला. आठांपैकी पाच जण हजर होते. दोघे वारले, एक आजारी आहे. त्यांच्या घरच्या बाया होत्या. सगळं लिहा असं तू म्हणालीस, म्हणून वाचून झाल्यावर काय झालं तेही लिहिते.

मग गोदूकाकी म्हणाली, ‘कमळे, आमी तुला पानवठ्यावर काय काय बोललो गो.’

तू म्हणालीस, ‘बोललाव ता बोललाव. आता उबं नका ऱ्हावू, बसा. भाकरी गार व्हतायत.’

त्या पाचांतल्या एकाने मला विचारलं, ‘बाई, तवा आमी गेलो असतो तर वाचला असता का?’ मी म्हटलं, पाय मोडला होता, ताप आला असेल, पाणी जवळ होतं. बुधवारी उचलला असता तर वाचला असता असं मला वाटतं. तो मान खाली घालून ओहोळाकडे बघत राहिला.

पान तू वाढलंस. मला वाढायला सांगितलं नाहीस, मी पुढे झाले नाही.

हस्तांतर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं:

हे निवेदन, दोन पानं, सहीसह. एक प्रत कमळकडे, एक हरेशकडे.

वही एक, दोन ऑक्टोबरांच्या नोंदींची. कमळने घेतली नाही. ‘ह्यात माझा काय नाय’ असं म्हणाली. परत आणली.

टॉवेल एक, सुती, पांढरा, निळ्या काठाचा. एका टोकाला फाटलेला. गाठीचा पीळ अजून गेलेला नाही. धुतलेला नाही. कमळने घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

देणार: चंद्रकला
साक्षीदार: हरेश

घेणारीने पोच स्वतःच्या हाताने, माझं पेन घेऊन लिहिली, ती अशी:

टावेल मिळाला. कूक खरी व्हती.
कमळ भगीरथ